‘जेनेरिक टाळा’ म्हणणाऱ्या सरांना

जोयडा तालुक्यातल्या रामनगरची काही मुले प्रोग्रॅमिंग शिकायला बेळगावला जातात. सकाळची बस धरायची, लोंढा-खानापूर करत पोचायचे, संध्याकाळी त्याच रस्त्याने परत यायचे. अशाच एका वर्गाच्या वहीत गो भाषेच्या धड्याखाली मला तीन वाक्ये लिहिलेली दिसली. जेनेरिक फंक्शन ही सिद्धान्तवाल्यांची हौस आहे. कामापुरते कॉपी-पेस्ट आणि रिकामा इंटरफेस पुरतो. जेनेरिकमुळे प्रोग्रॅम फुगतो आणि मंद होतो. शेवटी मोठ्या अक्षरांत: टाळा.

ज्या सरांनी हे सांगितले त्यांचा हेतू चांगला आहे, हे मी धरून चालतो. खेड्यातून आलेल्या मुलाला दोन महिन्यांत कामाला लावायचे तर काहीतरी वगळावे लागते. पण वगळायला त्यांनी नेमकी चुकीची गोष्ट निवडली. पहिली दोन वाक्ये साफ खोटी आहेत. तिसरे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे वाक्य वहीत लिहून दिले की ते मुलाच्या डोक्यातून वर्षानुवर्षे निघत नाही. म्हणून हा प्रतिवाद.

आधी कंपायलरपुढची अडचण पाहू. दोन किमती द्यायच्या आणि त्यांतली मोठी परत घ्यायची, एवढेच काम करणारे फंक्शन घ्या. कागदावर ते एका ओळीचे आहे. प्रोसेसरपाशी गेल्यावर त्या एका ओळीच्या तीन वेगळ्या गोष्टी होतात. ३२ बिटांचे पूर्णांक साध्या रजिस्टरांत बसतात आणि तुलनेची एक सूचना पुरते. ६४ बिटांच्या दशांश संख्या निराळ्या रजिस्टरांत जातात आणि त्यांच्या तुलनेची सूचनाही निराळी असते. स्ट्रिंग असेल तर हातात मजकूर नसतोच. ६४ बिटांच्या यंत्रावर गोमधली स्ट्रिंग म्हणजे १६ बाइटांची जोडी असते, ८ बाइटांत पत्ता आणि ८ बाइटांत लांबी. मजकूर दुसरीकडे असतो आणि तुलना करायला तिथे जाऊन एकेक बाइट ताडून पाहावा लागतो. म्हणजे ‘कोणत्याही टाइपसाठी’ असे आपण लिहितो (हेच जेनेरिक फंक्शन) तेव्हा कंपायलरकडे यंत्रभाषेची अशी एक प्रत नसते, जी जशीच्या तशी तिन्हींना चालेल. काहीतरी किंमत कुणीतरी मोजलीच पाहिजे. प्रश्न एवढाच की ती कोण मोजणार आणि केव्हा.

सरांचे उत्तर असे की ती प्रोग्रॅमरने मोजावी, फंक्शन तीनदा लिहून. त्याचा परिणाम काय होतो ते आमच्या इथल्याच कामावरून सांगतो. सूपा धरणात ज्यांची गावे गेली त्यांतली बरीच कुटुंबे रामनगरला वसली, त्यामुळे धरणाची पातळी हा इथे घराघरातला विषय आहे. एका विद्यार्थिनीने सरावासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला: रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये, सूपा जलाशयाची पातळी मीटरमध्ये (पूर्ण पातळी ५६४ मीटर), आणि आदल्या दिवसाशी तुलना करून पातळीतला फरक. प्रत्येक यादीतली सर्वांत मोठी किंमत काढायची होती. तिने पावसासाठी फंक्शन लिहिले, सुरुवातीची ‘सर्वांत मोठी’ किंमत शून्य धरली आणि तेच फंक्शन चिकटवत पुढे नेले. पाऊस कधी उणे नसतो, त्यामुळे पहिल्या प्रतीत काही बिघडले नाही. पण पावसाळा संपला की पातळी रोज उतरते. फरकाच्या यादीतल्या सगळ्या किमती उणे होतात आणि सर्वांत मोठा फरक म्हणून उत्तर येते शून्य, जे त्या यादीत कुठेच नाही. चूक दिसली तेव्हा तिने ती एका प्रतीत दुरुस्त केली. बाकीच्या प्रतींत ती तशीच राहिली.

हे तिच्या निष्काळजीपणामुळे झाले, असे म्हणून विषय संपवता येत नाही. तेच फंक्शन गोमध्ये जेनेरिक लिहून पाहा. फंक्शनला मिळणारा टाइप, त्याला टी म्हणू, पूर्णांक असेल, दशांश असेल किंवा स्ट्रिंग असेल, अशी अट घाला आणि सुरुवातीला शून्य लिहा. कंपायलर तिथेच थांबवतो, कारण ० हा आकडा स्ट्रिंगमध्ये बसत नाही. मग सुचणारा सरळ मार्ग म्हणजे यादीतल्या पहिल्या किमतीपासून सुरुवात करणे, आणि तोच बरोबर मार्ग आहे. कॉपी-पेस्ट करणाऱ्याला ही चूक ऑक्टोबरात कळते, जेनेरिक लिहिणाऱ्याला ती कंपाइल करतानाच कळते. सिद्धान्तवाल्यांची हौस म्हणतात ती ही.

आता रिकामा इंटरफेस, ज्यात काहीही ठेवता येते. तो पुरतो असे सांगणारे एक गोष्ट सांगायची विसरतात. त्यात काहीही ठेवता येते म्हणजे काय ठेवले आहे हे कंपायलरला माहीत नसते. किंमत आत घालताना तिच्याबरोबर टाइपची ओळख जोडावी लागते, अनेकदा किंमत वेगळ्या मेमरीत हलवावी लागते, आणि बाहेर काढताना ‘हा अमुक टाइपच आहे’ असे प्रोग्रॅम चालू असताना ठासून सांगावे लागते. अंदाज चुकला तर प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. वर दिलेल्या उदाहरणात पावसाला मिलिमीटर आणि पातळीला मीटर असे दोन वेगळे टाइप केले असतील, तर जेनेरिक फंक्शन मिलिमीटर आणि मीटर एकत्र घ्यायला नकार देते, कारण दोन्ही किमती एकाच टी टाइपच्या हव्यात. रिकामा इंटरफेस दोन्ही निमूटपणे आत घेतो. सी भाषेतले क्यूसॉर्टही याच वळणाचे आहे. त्याला यादीचा पत्ता, घटकांची संख्या, एका घटकाचा आकार आणि तुलनेच्या फंक्शनचा पत्ता द्यायचा. आत काय आहे हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही, आणि प्रत्येक तुलनेला त्या पत्त्यावर उडी मारावी लागते. सी प्लस प्लसचे सॉर्ट टेम्प्लेट (म्हणजे त्या भाषेतले जेनेरिक) असल्यामुळे तुलना जागच्या जागी उलगडली जाते, आणि म्हणूनच ते क्यूसॉर्टपेक्षा अनेकदा वेगाने चालते. ‘जेनेरिक म्हणजे मंद’ हे वाक्य इथे सरळ उलटे पडते.

‘गो भाषा बारा वर्षे जेनेरिकशिवाय चाललीच ना,’ असेही विचारले जाते. गो जाहीर झाली नोव्हेंबर २००९ मध्ये आणि जेनेरिक आले १.१८ आवृत्तीत, मार्च २०२२ मध्ये. बारा वर्षांचा हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष चुकला आहे. गोमधले स्लाइस, मॅप, चॅनेल आणि लेन हे सगळे पहिल्या दिवसापासून कोणत्याही टाइपवर चालत होते. पूर्णांकांचा स्लाइस वेगळा आणि स्ट्रिंगचा वेगळा असे कुणी कधी लिहिले नाही. म्हणजे जेनेरिक होतेच, फक्त ते भाषा बनवणाऱ्यांनी स्वतःपुरते ठेवले होते. गोच्या चमूतले रस कॉक्स यांनी २००९ मध्येच हा पेच स्पष्ट मांडला होता: प्रोग्रॅमर मंद हवेत, की कंपायलर मंद आणि प्रोग्रॅम फुगलेला हवा, की प्रोग्रॅमचे चालणे मंद हवे? जेनेरिक नको असे त्यात कुठेच नाही. चांगला मार्ग अजून सापडलेला नाही, एवढेच आहे. पुढे हॅस्केलच्या टाइप क्लासवर आणि जावाच्या जेनेरिकवर काम केलेले फिलिप वॅडलर यांना बरोबर घेऊन गोच्या मंडळींनी २०२० मध्ये जेनेरिकच्या रचनेचा पाया मांडला.

जेनेरिक नसण्याची किंमत काय असते हे गोच्या आधीही दिसले होते, आणि त्या कथेत आपल्याकडचेही एक नाव आहे. निक्लाउस विर्थ यांची पास्कल १९७० ची. ती जगभर पसरली त्याला मोठा हातभार लावला पास्कल-पी कंपायलरने, जो कोणत्याही यंत्रावर नेता यावा म्हणून झुरिकला तयार झाला. त्याच्या अंमलबजावणीच्या टिपणांवर तिथल्या मंडळींबरोबर केशव नोरी यांचे नाव आहे. हे नोरी पुढे पुण्याच्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्रात होते. पास्कलमध्ये ॲरेची लांबी हा टाइपचाच भाग. म्हणजे १० घटकांचा ॲरे क्रमवार लावणारे फंक्शन २० घटकांच्या ॲरेला चालत नाही. ब्रायन कर्निहन यांनी १९८१ मध्ये पास्कलवर जी टीका लिहिली तिच्यात हा आक्षेप सर्वांत मोठा होता. टाइप काटेकोर ठेवायचे पण टाइपला पॅरामीटर घेऊ द्यायचा नाही, अशी भाषा बांधली की माणसे एकतर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहितात किंवा टाइपच सोडून देतात. सर जे दोन उपाय सुचवतात तेही नेमके हेच आहेत.

आता तिसरे वाक्य, जे अर्धे खरे आहे. इथे सरांशी वाद घालताना मला जास्त काळजी घ्यायची आहे, कारण ‘जेनेरिकला काहीच किंमत नाही’ असा उलटा दावा करणारेही कमी नाहीत आणि त्यांचेही चुकते.

रस्ट आणि सी प्लस प्लस जेनेरिक फंक्शनची प्रत्येक टाइपसाठी वेगळी प्रत काढतात. प्रत्येक प्रत त्या टाइपला नेमकी बसते आणि वेगाने चालते, पण प्रती वाढल्या की कंपाइल व्हायला वेळ लागतो आणि फाइल मोठी होते. हे खरेच घडते. जावाने २००४ मध्ये दुसरा मार्ग घेतला. जुन्या प्रोग्रॅमशी मेळ राहावा म्हणून टाइपची माहिती कंपाइल झाल्यावर पुसून टाकायची आणि सगळ्यांसाठी एकच प्रत ठेवायची. त्याची किंमत अशी की जावाच्या लिस्टमध्ये नुसता इंट ठेवता येत नाही. प्रत्येक अंकाला इंटिजरचे ऑब्जेक्ट करून घालावे लागते. डॉट नेटने २००५ मध्ये मधला रस्ता धरला: ऑब्जेक्टच्या संदर्भांसाठी एक सामाईक प्रत, आणि इंट-डबलसारख्या नुसत्या किमतींसाठी स्वतंत्र प्रती. स्विफ्टमध्ये फंक्शनबरोबर टाइपच्या क्रियांचे तक्तेही पाठवता येतात आणि जमेल तिथे कंपायलर खास प्रत काढतो.

गोने जे केले ते मुलांना दाखवण्यासारखे आहे. गो प्रत्येक टाइपची वेगळी प्रत काढत नाही, टाइपच्या ‘आकाराची’ काढते. आकार म्हणजे टाइपचा मूळ साचा. मिलिमीटर आणि मीटर हे दोन्ही टाइप ६४ बिटांच्या दशांशावर उभे असतील तर दोघांना एकच प्रत. पॉइंटर तर कुठल्याही गोष्टीचे असोत, सगळ्यांना मिळून एकच. मग आत आलेला टी नेमका कोण हे कसे कळते? हाक मारताना कंपायलर एक गुप्त पॅरामीटर जोडून देतो, त्याला डिक्शनरी म्हणतात. कामगाराच्या हातात सामानाबरोबर चिठ्ठी द्यावी तशी ही सोबत जाते. टाइपची ओळख, त्याच्या कोणत्या मेथडला हाक कुठे मारायची, असल्या गोष्टी त्यात असतात. आणि तिसऱ्या वाक्यातले अर्धे खरेपण इथेच आहे. टी पॉइंटर असेल आणि फंक्शन त्याच्या मेथडला सारखी हाक मारत असेल, तर प्रत्येक हाक डिक्शनरीच्या वाटेने जाते आणि ती जागच्या जागी उलगडता येत नाही. अशा ठिकाणी जेनेरिक फंक्शन साध्या इंटरफेसपेक्षा मंद पडू शकते. म्हणून गोच्या चमूतले इयन लान्स टेलर यांचा सल्लाच असा होता की फक्त मेथडला हाक मारायची असेल तर इंटरफेसच वापरा. हा सल्ला वहीत असता तर मला एक अक्षर लिहावे लागले नसते. त्यात ‘कुठे’ आणि ‘का’ आहे. ‘टाळा’मध्ये दोन्ही नाहीत.

फुगण्याविषयी आणि मंद होण्याविषयी आकडेही ठेवतो. १.१८ मध्ये कंपायलरचा वेग १.१७ च्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी कमी होऊ शकतो, हे गोच्या चमूने त्या आवृत्तीच्या टिपणांतच लिहिले. तिथेच पुढचे वाक्य होते की तयार झालेल्या प्रोग्रॅमच्या चालण्यावर त्याचा परिणाम नाही. फेब्रुवारी २०२३ च्या १.२० मध्ये कंपाइलचा वेग पुन्हा १.१७ च्या जवळ आणला गेला. म्हणजे ही किंमत कंपायलरने मोजली, आणि पुढे तीही कमी केली. रस्टच्या प्रती वाढण्यावरचा उपायही गुप्त नाही. त्याच्या प्रमाणित लायब्ररीतले फाइल वाचणारे फंक्शन पाहा. बाहेरून ते जेनेरिक आहे, कारण फाइलचा पत्ता स्ट्रिंग म्हणून द्या की पाथ म्हणून, दोन्ही चालावे. आत मात्र पहिल्याच ओळींत ते पत्ता एका ठरावीक टाइपात बदलते आणि खरे काम एका साध्या, जेनेरिक नसलेल्या फंक्शनकडे सोपवते. प्रत्येक टाइपसाठी प्रत निघते ती फक्त बाहेरच्या पातळ सालीची. प्रोग्रॅम फुगतो म्हणणाऱ्याने हे तंत्र शिकवायला हवे होते.

जेनेरिकचा खरा अर्थ मला त्याच्या अटीत दिसतो. टी टाइपकडून तुम्हाला काय हवे हे स्पष्ट लिहावे लागते. रस्टमध्ये ‘पूर्ण क्रम लागतो’ अशी अट घातलेले फंक्शन ६४ बिटांच्या दशांश संख्या घेतच नाही. मुलांना हे आडमुठेपणाचे वाटते. पण पर्जन्यमापकाची एखाद्या दिवसाची नोंद चुकली की ती जागा अनेकदा ‘संख्या नाही’ या खास दशांश किमतीने भरली जाते, आणि तिची कुणाशीही लहान-मोठेपणाची तुलना केली तरी उत्तर ‘नाही’ येते. पहिल्याच दिवसाची नोंद तशी असेल, तर पहिल्या किमतीपासून सुरुवात करणाऱ्या फंक्शनला महिनाभराच्या पावसातून सर्वांत मोठा पाऊस सापडतच नाही. कंपायलर आपल्याला विचारत असतो: नोंद नसलेल्या दिवसाचे काय करायचे ठरवले आहे? जोयडा तालुक्याच्या पावसाच्या नोंदी हाताळणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडायलाच हवा.

आणि आमच्या सीमाभागासाठी तर एक उदाहरण असे आहे की ते कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही. नद्यांची नावे क्रमवार लावा: काळी आणि कावेरी. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून कावेरी आधी, काळी नंतर. पण युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये बसवले आहे, कारण देवनागरीची ती मांडणी जुन्या इस्की संकेतावरून घेतली. म्हणून बाइटांच्या क्रमाने लावले की काळी आधी येते. कन्नड लिपीतही हेच आहे: वर्णमालेत ळ शेवटी, युनिकोडमध्ये मध्येच. दोन्ही भाषांत पाट्या आणि याद्या लागणाऱ्या आमच्या भागात ही चूक एकदम दोन भाषांत होते. ऑगस्ट २०२३ च्या गो १.२१ मध्ये प्रमाणित लायब्ररीत क्रम लावणारी जी जेनेरिक फंक्शने आली, त्यांतले एक टाइपचा अंगभूत क्रम वापरते आणि दुसरे तुलनेचे फंक्शन आपल्याकडून मागून घेते. दुसऱ्याला मराठीचा क्रम द्या, मराठी यादी बरोबर लागते. कन्नडचा द्या, कन्नड लागते. क्रम लावण्याचे गणित एकदाच लिहिलेले राहते. रस्टमध्ये तर अशा दिलेल्या तुलनेला स्वतःचा स्वतंत्र टाइप मिळतो, त्यामुळे मराठी क्रमासाठी खास प्रत निघते आणि तुलना आतच उलगडता येते. इंग्रजी मुळाक्षरांवर वाढलेल्या मुलाला अंगभूत क्रमाने भागवता येईल. रामनगरच्या मुलीचे भागत नाही. तिला जेनेरिक जास्त लागते, कमी नाही.

राहिला नोकरीचा मुद्दा. खेड्यातल्या मुलांना आधी पोट भरू द्या, खोलात मग जातील, असे सरांचे म्हणणे. मला हा विचार सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात मुलांची कुवत आधीच ठरवून टाकली आहे. आज गो आणि रस्ट वापरणाऱ्या कुठल्याही कामात जेनेरिक कोड वाचावाच लागतो, कारण प्रमाणित लायब्रऱ्यांतच जेनेरिक फंक्शने आहेत. ज्याला ‘टाळा’ शिकवले तो मुलगा पहिल्याच आठवड्यात अडतो, आणि आपण गावचे म्हणून अडलो असे त्याला वाटते. मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसी कंपायलर आतून उघडून विद्यार्थ्यांना दाखवण्याचे काम वर्षानुवर्षे केले. त्या कंपायलरची फाइल रामनगरच्या लॅपटॉपवरही तीच उतरते.

सर, पुढच्या तुकडीला यासाठी एक तास द्या. मोठी किंमत काढणारे फंक्शन गोमध्ये जेनेरिक लिहून घ्या आणि ते मिलिमीटर, मीटर, ३२ बिटांचे पूर्णांक आणि स्ट्रिंग यांच्यासाठी वापरा. कंपाइल करताना इनलाइन बंद ठेवा, नाहीतर एवढे छोटे फंक्शन उलगडले जाऊन नाहीसे होईल. मग तयार फाइलवर, तिच्यातली नावे दाखवणारे गोचे एनएम हे साधन चालवून त्या फंक्शनची नावे शोधायला सांगा. टाइप चार दिले होते, प्रती तीनच सापडतील, कारण मिलिमीटर आणि मीटर एकाच आकारात गेले. तेच सी प्लस प्लसमध्ये करा, ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, आणि मीटर-मिलिमीटर वेगवेगळे स्ट्रक्ट करून. प्रती चार निघतील. चौथी प्रत का निघाली आणि तिच्या बदल्यात काय मिळाले, हे मुलांना आपापसांत वाद घालून ठरवू द्या.